चतुर्थी ते सप्तमी : मावशीच्या चालीने ठाणे ते बेलापूर

जानेवारीत केरळला जायचं ठरलं होतं. निघायच्या सहा दिवस आधी टूरवाल्यांनी गट भरला नाही म्हणून सहल रद्द केली. पैसे परत आले, विषय संपला. रजा मात्र मंजूर झालेली होती आणि ती रद्द करायची माझी तयारी नव्हती.

कारण डिसेंबरमध्ये ऑफिसच्या जिन्यात मला चक्कर आली होती. बीपी १५० वर १००. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि विचारलं, "जेवायला किती वेळ लागतो?" मी म्हटलं, सात-आठ मिनिटं. "झोप?" पाच तास, तीही तुटक. त्यांनी कागदावर गोळीचं नाव लिहिलं आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, 'हळू'. तो कागद मी फ्रिजवर लावला होता आणि रोज त्याच्यासमोरून पळत होते.

माझ्याकडे मावशी राहते. आईची धाकटी बहीण, वय ७३. ठाण्यातच ३४ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. गेल्या वर्षी गुडघा बदलला, तेव्हापासून हातात काठी आणि फिरणं सोसायटीच्या फाटकापर्यंत. केरळ रद्द झाल्याचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग मला तलावपाळीला ने. दोन वर्षं झाली पाणी बघून." त्यातून हा बेत निघाला. चार दिवस, ठाणे आणि नवी मुंबई सोडायची नाही, रोज रात्री मुक्कामाला घरी. दिवसाला एकच ठिकाण. चालायचं मावशीच्या चालीने. घड्याळ मी कपाटात ठेवलं.

गुरुवार, माघ शुद्ध चतुर्थी : तलावपाळी

नौपाड्यातल्या आमच्या घरापासून मासुंदा तलाव मी एरवी बारा मिनिटांत गाठते. त्या दिवशी तासभर लागला.

पहिली वीस मिनिटं फार जड गेली. पाय पुढे जायचे आणि मी परत मागे यायची. मावशी काठी टेकते, मग चांगला पाय, मग बदललेल्या गुडघ्याचा पाय, मग एक श्वास. त्या श्वासापाशी थांबणं मला जमत नव्हतं. शेवटी मी तिचा दंड धरला आणि तिच्या श्वासाबरोबर श्वास घ्यायला लागले. गोखले रोडच्या कोपऱ्यावर येईपर्यंत आमची चाल जुळली होती.

माघी गणपतीमुळे फुलवाल्यांकडे जास्वंद आणि दूर्वांचे ढीग. हवेत गारवा, उन्हाला धार नव्हती. मावशी दर थोड्या अंतरावर थांबायची आणि जो माणूस समोर असेल त्याला एकच प्रश्न विचारायची, "किती वर्षं इथे?" फुलवालीला विचारलं, ती म्हणाली सासूच्या जागी बसते, चौदा वर्षं. मग फुटपाथवर बॅगा आणि छत्र्या दुरुस्त करणाऱ्या काकांना विचारलं.

"सव्वीस," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "ताईंच्या निळ्या पर्सची चेन मीच बसवली होती. पावसाळ्यात. टिकली का?"

टिकली होती. ती पर्स आजही वापरात आहे. मी त्या माणसासमोरून अकरा वर्षं दिवसातून दोनदा जाते आणि त्यांचा चेहरा मला ओळखता आला नसता. त्यांनी मात्र पर्सचा रंगही लक्षात ठेवला होता. मला तिथे काही बोलता आलं नाही. मी त्यांच्या समोरच्या डब्यावर बसले आणि त्यांनी आणखी एका बॅगेचा पट्टा कसा शिवला ते पाहिलं. आधी जुना दोरा एकेक टाका मोकळा करून काढायचा, मेण लावलेला नवा दोरा त्याच जुन्या भोकांतून घालायचा. नवीन भोकं पाडली तर चामडं कमकुवत होतं, ते म्हणाले.

तलावाच्या काठावर कट्ट्यावर बसलो. पाण्यात एका खांबावर पाणकावळा पंख पसरून वाळवत होता. मावशीने तिच्या लहानपणीचा काठ दाखवला, बोटाने, हवेत. कुठे वाडा होता, कुठे कौलारू दुकानं. नंतर कौपिनेश्वराच्या देवळात गेलो. सध्याचं देऊळ पेशवाईतल्या सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी १७६० मध्ये बांधलं. आतली पिंडी एवढी मोठी आहे की पहिल्यांदा बघणारा माणूस उंबऱ्यावरच थबकतो. मी लग्नानंतर बावीस वर्षांत इथे किती वेळा आले असेन, पण चप्पल काढणं आणि चप्पल घालणं यांच्यामध्ये पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ पहिल्यांदाच गेला. मंडपाची फरशी गार होती. मावशीने भिंतीला पाठ लावून डोळे मिटले. मीही मिटले.

माघी चतुर्थीचा तिचा उपास, म्हणून साबुदाण्याची खिचडी आणि घरून नेलेले तिळाचे मोदक. उपास नसेल तर मामलेदार कचेरीजवळची मिसळ खायला जा. मात्र 'तिखट' सांगताना विचार करा, मध्यम पुष्कळ होते.

परतताना तिने जांभळी नाक्यावर रिक्षा थांबवली आणि पूजेच्या दुकानातून चार छोट्या गोवऱ्या घेतल्या. कशाला ते मी विचारलं नाही. ती म्हणाली, "रविवारी."

तलावपाळीला जाणार असाल तर सकाळी साडेसहा ते नऊ ही वेळ धरा. संध्याकाळी खाण्याच्या गाड्यांची गंमत असते, पण गर्दी इतकी की काठीवाल्या माणसाला धक्के लागतात. आणि एक, ठाणे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं आहे. ज्येष्ठांना घेऊन निघाला असाल तर वाचत बसायला त्याच्याइतकी चांगली जागा नाही. आम्हाला त्या दिवशी वेळ पुरला नाही, आणि एका दिवसात एकच ठिकाण असं ठरलेलंच होतं.

शुक्रवार, पंचमी : ऐरोलीची खाडी

ठाणे स्टेशनच्या दहा नंबरवर मी रोज पुलावरून धावत उतरते. वाशी-पनवेलच्या गाड्या याच बाजूने सुटतात. त्या दिवशी आम्ही सरकत्या जिन्याने उतरलो तेव्हा गाडी उभी होती. दारं समोर, पंधरा पावलं. माझे पाय आपोआप उचलले गेले. मावशीने काठी टेकली आणि बाकावर बसली. "जाऊ दे हिला. पुढची आपली."

गाडी गेली. फलाट रिकामा झाला. अकरा वर्षांत तो फलाट मी रिकामा पाहिला नव्हता. मावशीमधली शिक्षिका जागी झाली. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघाली ती याच ठाण्याला आली, ३४ किलोमीटर, १४ डबे, ४०० माणसं. "दरवर्षी एप्रिलमध्ये मुलांना सांगायचे. एक मुलगा म्हणायचा, बाई, एवढी माणसं इथे येऊन करणार काय? मी म्हणायचे, तलाव बघतील." दहा मिनिटांत पुढची गाडी आली, खिडकी मिळाली.

ऐरोली माझं रोजचं स्टेशन. मी एका बाजूला उतरून ऑफिसला जाते. दुसऱ्या बाजूला, रिक्षाच्या अंतरावर, ठाणे खाडी रोहित (फ्लेमिंगो) अभयारण्य आहे. २०१५ मध्ये अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर यादीत गेलं, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांमध्ये गणना झाली. आणि मी ते कधी पाहिलं नव्हतं.

वन विभागाच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात दहा वाजता पोचलो. खिडकीवरच्या मुलाने सांगितलं, बोट अडीचला. मी भरतीची वेळ न बघताच निघाले होते. चूक सर्वस्वी माझी. तरी माझा आवाज चढला. "साडेचार तास गेले आता!"

"गेले कुठे?" मावशी म्हणाली. "मिळाले."

ती हे उपदेशाच्या सुरात म्हणाली नाही. बाजारात जुडीबरोबर मिरच्या फुकट मिळाल्यावर बाई जशी म्हणते, तसं म्हणाली.

आत झाडीतून लाकडी पायवाट काढली आहे. ओहोटी होती, चिखल उघडा पडलेला. चिखलातून तिवराची हजारो श्वसनमुळं वर आलेली, पेन्सिली उभ्या रोवल्यासारखी. या चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं. मावशी कठड्याला टेकून बघत राहिली आणि मी फोन काढला. ऑफिसमधून एक मेल होती. मी तिथे उभ्या उभ्या तिला उत्तर लिहिलं, थोडं कडकच. पाठवून मान वर केली तर मावशीच्या चेहऱ्यावर लहान मुलीचं हसू होतं.

"पाहिलंस? निवटा उडाला! चिखलातून चिखलात!"

मी तो मासा पाहिला नव्हता. ती मेल सोमवारपर्यंत थांबली असती, हे मला पाठवून झाल्यावर कळलं. फोन मी बंद करून डब्यांच्या पिशवीत तळाशी घातला. मग वीस मिनिटं आम्ही दोघी एकाच चिखलाकडे बघत उभ्या राहिलो. एक मोठी नांगी आणि एक इवलीशी नांगी असलेले खेकडे बिळातून बाहेर येऊन मोठी नांगी हलवत होते. आणि मग मलाही निवटा दिसला. बोटाएवढा, चिखलाच्याच रंगाचा, डोळे डोक्याच्या वर. पुढच्या परांवर रेटा देऊन उडी मारली आणि थांबला, परत उडी, परत थांबला. माशाला चालताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

तिथल्या एका मार्गदर्शक मुलीने तिवराचं पान उलटं करून दाखवलं. खालच्या बाजूला बारीक चकाकणारे कण. झाड खारं पाणी पितं आणि जास्तीचं मीठ पानातून बाहेर टाकतं. मावशीने पान जिभेला लावलं. "खारट! खरंच खारट!" मग माझ्यापुढे धरलं. खारट होतं. मीठ आणि बीपीची गोळी एकाच वेळी डोळ्यांसमोर आली. हे झाड जन्मभर मिठात उभं आहे आणि त्याला ते बाहेर टाकायची रीत सापडली आहे. तो विचार मला अजून सोडत नाही.

डबा खाल्ला, सावलीत बसलो. साडेबाराच्या सुमाराला पाणी यायला लागलं. भरती येताना मी नेहमी 'आली' अशी बघितली होती, 'येताना' बघितली नव्हती. आधी चिखलातल्या ओहोळांमध्ये पाणी उलटं फिरलं. मग एकेक मुळाचं टोक बुडालं. आवाज नाही. खेकडे बिळात गेले.

बोटीवरचे काका तिथल्याच कोळीवाड्यातले, साठीचे. मावशीने अर्थातच विचारलं, किती वर्षं इथे? "बापाबरोबर होडीत आलो तेव्हापासून." त्यांनी भरतीचा हिशोब सांगितला. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. आज पंचमी, पाच गुणिले पाऊण, पावणेचार. पुनवेला पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकरा. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच, आणि दिवसाही तेच, रात्रीही तेच. खाडीत आत पाणी पोचायला थोडं जास्त लागतं एवढंच. "पाण्याला तुमच्या ऑफिसचा टाइम नाय समजत," ते म्हणाले आणि हसले. मावशीने पिशवीतल्या कागदावर हिशोब लिहून घेतला.

अडीचला बोट निघाली. पुलाखालून पुढे गेल्यावर काकांनी इंजिन हळू केलं आणि मग बंद केलं. समोर उथळ पाण्यात रोहित होते. दुरून नुसती गुलाबी रेघ, जवळ गेल्यावर पाय दिसायला लागले. माना खाली, चोची उलट्या धरून पाण्यात फिरवत होते. चोचीच्या कडेला गाळणी असते, पाणी आत घेऊन बाहेर सोडायचं आणि शेवाळ, बारीक जीव तेवढे ठेवायचे. तो गुलाबी रंगही त्याच खाण्यातला. पिल्लं जन्मतात राखाडी, वर्षानुवर्षं खाऊन गुलाबी होतात. मध्येच थव्याच्या एका टोकाला काहीतरी झालं आणि ते उडाले. पंखांच्या आतला गडद लाल आणि काळा एकदम उघडला. बोटीत कोणी बोललं नाही. एका लहान मुलाने फक्त आईचा हात घट्ट धरला.

परतताना काठावरच्या काचेच्या इमारतींमध्ये मला माझं ऑफिस दिसलं. सहावा मजला, उजवीकडून तिसरी खिडकी. त्या खिडकीच्या पडद्याची दोरी माझ्याच हाताशी असते. ऊन येतं म्हणून मी पडदा कायम ओढलेला ठेवते.

जाणार असाल तर आधी फोन करून बोटीची वेळ विचारा, ती रोज बदलते. सुट्टीचा वारही विचारून घ्या. रोहित साधारण मे महिन्यापर्यंत असतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये जास्त. टोपी, पाणी, दुर्बीण न्या. केंद्रात स्वच्छतागृह आहे, बायकांनी निश्चिंत पाणी प्यावं. बोटीत चढताना गुडघेदुखीवाल्यांनी आधी सांगून ठेवावं, मावशीला दोघांनी हात दिला. आणि उडण्यासाठी पक्ष्यांना मुद्दाम हुसकावू नका, तसं कोणी म्हणालं तर त्याला थांबवा.

शनिवार, षष्ठी : दिवाळे गाव, बेलापूर

पनवेल गाडीने बेलापूर. गाडी चुकली की सुटली हा प्रश्नच आता उरला नव्हता, बाकावर बसलो आणि जी आली तिच्यात चढलो.

किल्ल्याला लवकर जाऊन आलो. बेलापूरचा किल्ला पोर्तुगीजांकडून १७३३ मध्ये मराठ्यांनी घेतला आणि १८१७ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. आज एखादा बुरूज आणि थोड्या भिंती उरल्या आहेत. मावशीला चढ जमण्यासारखा नव्हता, खालूनच पाहिला. खरा दिवस गेला तो दिवाळ्याच्या धक्क्यावर.

सकाळचे दहा वाजून गेलेले. मी मनात हिशोब केला. षष्ठी, सहा गुणिले पाऊण, साडेचारला भरती, म्हणजे आत्ता ओहोटी संपायला आलेली असणार. धक्क्यावर पोचलो तर होड्या चिखलात कलंडून पडलेल्या. हिशोब बरोबर आला याचा मला इतका आनंद झाला की मावशीला टाळी दिली.

धक्क्याच्या कडेला, ताडपत्रीच्या सावलीत, एक आजी जाळं दुरुस्त करत होत्या. नऊवारी, कपाळावर गोंदण. आम्ही उन्हात उभ्या राहून बघत होतो तर म्हणाल्या, "बस गो बाय. उनात काय उभी ऱ्हातेस?" बसलो. जाळ्याचा फाटलेला भाग पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणलेला, उजव्या हातात दोरा गुंडाळलेली जाळं विणायची सुई, डाव्या हाताची दोन बोटं घराच्या मापासाठी. गाठ, ओढ, गाठ, ओढ. डोळे आमच्याकडे, हात जाळ्यात. मी मोजून पाहिलं, बोलता बोलता त्यांनी चाळीसच्या वर गाठी मारल्या आणि एकदाही खाली बघितलं नाही.

"किती वर्षं इथे?" मावशी.

"जल्मापासून. हितंच जल्मले, हितंच दिली." लग्न गावातल्या गावात.

त्यांनी काही गोड करून सांगितलं नाही. खाडीत म्हावरं कमी गावतं, पाणी घाण येतं, धाकटा मुलगा आता होडीवर न जाता नोकरीला जातो. पूर्वी पाटी भरायची, आता अर्धी. मावशीने विचारलं, वाईट वाटतं का? आजींनी दोन-तीन गाठी मारल्या आणि मग म्हणाल्या, "वाटते ना. पन अर्धी पाटी लवकर इकते. दुपारी घरी येते, नातीला घेते."

यातलं वाईट वाटणंही खरं होतं आणि नातीला घेणंही खरं होतं. सकारात्मक राहा म्हणून मला गेले दोन महिने जो तो सांगत होता, आणि ते ऐकून माझी चीडच वाढत होती, कारण त्यात वाईट वाटायला जागाच ठेवलेली नसते. आजींनी दोन्हीला जागा दिली होती आणि हातातलं जाळं थांबवलं नव्हतं. मावशीही तशीच आहे, हे मला त्या ताडपत्रीखाली लक्षात आलं. गुडघा दुखतो हे ती रोज सांगते, लपवत नाही. आणि सांगून झालं की फुलवालीला विचारते, किती वर्षं इथे.

इथे एक गोष्ट मनापासून सांगते. चार दिवसांच्या भटकंतीने सगळं बरं होतं असं मी म्हणणार नाही. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, मन उठतच नसेल, तर तज्ज्ञांकडे जा. आपल्या ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आय.पी.एच. ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. तिथे जाऊन बोलणं म्हणजे दाताच्या डॉक्टरकडे जाण्यासारखंच आहे. मी स्वतः पुढच्या महिन्यातली वेळ घेतली आहे.

दुपारी गावातल्या एका घरगुती खानावळीत जेवलो. शनिवार मावशीने कधी पाळला नाही. तांदळाची भाकरी, तव्यावरचे बोंबील, चिंबोऱ्यांचं कालवण, सोलकढी. चिंबोरी घाईत खाताच येत नाही. नांगी फोडायची, काडीने मांस काढायचं, चोखायचं, हात पुसायचे, परत पुढची. सव्वा तास जेवलो. खानावळवाल्या वहिनींनी दोनदा भाकरी गरम करून आणली आणि तिसऱ्यांदा स्वतःच खुर्ची ओढून बसल्या.

नंतर मावशीची एक इच्छा पुरी केली, नवी मुंबईची मेट्रो. बेलापूर ते पेंधर, ११ किलोमीटर, ११ स्थानकं, १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली. पेंधरला आमचं काहीच काम नव्हतं. शेवटपर्यंत गेलो आणि परत आलो. खारघरचे डोंगर जानेवारीत पिवळे पडलेले, त्यांच्यावर संध्याकाळचं तिरपं ऊन. मावशी खिडकीला नाक लावून बसली होती. समोरच्या शाळकरी मुलाने विचारलं, "आजी, तुम्ही कुठे उतरणार?" ती म्हणाली, "जिथून चढले तिथे." मुलगा विचारात पडला आणि मग त्याला ते पटलं असावं, कारण तोही खिडकीतून बघायला लागला.

दिवाळ्याला मासळी घ्यायची असेल तर बर्फाचा डबा बरोबर ठेवा. जाळी, होड्या, माणसं यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. मेट्रोच्या स्थानकांवर लिफ्ट आहेत, ज्येष्ठांची सोय उत्तम.

त्या रात्री मी साडेनऊला झोपले आणि सहाला जागी झाले. मधे एकदाही नाही.

रविवार, सप्तमी : गच्ची

आज कुठे जायचं, मी विचारलं. "वर," मावशी म्हणाली.

रथसप्तमी. गोवऱ्यांचा उलगडा झाला. संक्रांतीचं एक लहान सुगड तिने धुऊन, फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं. आमची सोसायटी चार मजली, लिफ्ट गच्चीपर्यंत नाही. शेवटच्या मजल्याच्या अठरा पायऱ्या ती चढली. दर तीन पायऱ्यांना थांबून, काठी आणि कठडा धरून. मी मागून, हात पुढे न करता, कारण तिने तसं बजावलं होतं. वर पोचल्यावर तिने येऊरच्या डोंगराकडे पाठ केली आणि खाडीकडे तोंड करून उभी राहिली. तिकडून सूर्य वर आला होता. धुरकट, केशरी, बघता येईल असा.

विटेवर गोवऱ्या रचल्या, तुपाची वात लावून पेटवल्या. धूर आधी डोळ्यांत गेला, मग वाऱ्याने वळला. तिने तांदळाच्या पिठाने शेजारी रथाची रांगोळी काढली, सात रेघांचे सात घोडे. सुगडात दूध ओतलं, दोन दाणे तांदळाचे, थोडी साखर. आणि आम्ही बसलो.

गोवरीचा जाळ मंद असतो. दुधाला काही घाई नव्हती. वॉचमनची बायको कपडे वाळत घालायला आली, ती टोपली ठेवून आमच्याजवळ बसली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आल्या. त्यांना मी दोन-तीन वर्षांत लिफ्टबाहेर भेटले नव्हते. मावशीने त्यांना हळदीकुंकू लावलं आणि तिळगूळ दिला, आज शेवटचा दिवस. कोणीतरी म्हणालं, दूध ज्या दिशेला उतू जाईल तिकडे भरभराट. कोणीतरी म्हणालं, आमच्या गावाला तर पूर्वेलाच जावं लागतं. बोलणं चालू राहिलं. पंधरा मिनिटं गेली असतील, किंवा मिळाली असतील.

मग सायीला सुरकुती पडली. कडेने बारीक बुडबुडे आले. साय मधून उचलली गेली, फुगली, सुगडाच्या तोंडाशी आली. आणि माझा उजवा हात पुढे गेला. बावीस वर्षं रोज सकाळी, डबा भरता भरता, वेणी घालता घालता, फोनवर बोलता बोलता, गॅस बंद करायला जो हात धावतो, तोच. पदराने सुगड धरून खाली घ्यायला तो निघाला होता.

मावशीने माझं मनगट धरलं. "अगं, आज जाऊ द्यायचं असतं."

दूध वर आलं, काठावर एक क्षण थबकलं आणि उतू गेलं. गोवरीवर सांडून चर्र झालं, जळक्या दुधाचा खमंग वास सुटला. एक पांढरा ओघळ सुगडावरून उतरत विटेवर आला आणि मावशीच्या पिठाच्या घोड्यांपर्यंत जाऊन पोचला. तिने माझं मनगट सोडलं नव्हतं. सगळ्या जणी वाकून बघत होत्या, ओघळ कुठे वळतो ते.

खाडीकडे वळला.